आक्काचा नकार

"वय?"

"एक्केचाळीस."

"मोठं आजारपण, ऑपरेशन, कधी रक्त चढवलंय?"

"नाही."

डॉक्टर पेठे मान वर न करता लिहीत होत्या. त्यांच्या टेबलासमोर आम्ही पाच जण दाटीवाटीनं बसलो होतो. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ धनपाल, तोंडाला मास्क लावून भिंतीकडच्या खुर्चीत. त्याच्याजवळ त्याची बायको, शैलजा वहिनी. माझ्या डाव्या हाताला धाकटा भाऊ सुकुमार आणि त्याची बायको त्रिशला. इचलकरंजीहून पहाटे निघून पुण्याला आलो होतो. कुणाच्याच अंगात जीव नव्हता.

पंधरा वर्षं झाली ह्याला. अण्णाला रक्ताचा कर्करोग झाला होता. दोनदा केमो झाल्यावर तो काबूत आला होता, पण परत उलटायच्या आत बोन मॅरो बदलायला हवा, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. आम्हा दोघा भावंडांचं रक्त तपासलं आणि नशीब असं, की दोघांचंही पूर्ण जुळलं. मग घरात कुणी काही न बोलताच ठरून गेलं. सुकुमारला दोन लहान पोरं. अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून आमच्या दोन्ही शेडमधले यंत्रमाग तोच चालवत होता. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवणारी, बिनलग्नाची. मीच द्यायचं.

"लग्न?"

"झालं नाही."

"कधी दिवस गेले होते?"

वहिनी एवढ्या दुःखातही हसली. "अहो मॅडम, लग्नच झालं न्हाई म्हणतीय की ती."

"सगळ्यांना विचारावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीलाच पडलेला गर्भसुद्धा धरायचा. कधीच नाही?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.

"पण त्याचा इथं काय संबंध, मॅडम?" सुकुमारनं विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे त्यांनी शेकडो जणांना सांगितलं असेल, तरी सावकाश सांगितलं. "ह्यांच्या अंगात दुसऱ्याच्या पेशी जाणार. त्या पेशींना नवीन शरीर परकं वाटतं, आणि त्या उलटतात. कातडी, आतडी, लिव्हर, मिळेल तिथं हल्ला करतात. पेशंट कॅन्सरमधून वाचतो आणि ह्यात जातो, असंही होतं. ते होऊ नये म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून औषधं देतो. पण औषधाच्याही आधी दाता बघून निवडायचा. बाईला दिवस गेले की बाळाच्या पेशी तिच्या रक्तात मिसळतात आणि तिचं रक्त परक्याला ओळखायला शिकतं. तेच रक्त पुढं पुरुषाच्या अंगात गेलं, तर त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणून पुरुष पेशंटसाठी पहिली पसंती भावाला. तो नसेल, तर कधीच दिवस न गेलेली बहीण. तीही चालते."

"मग आक्काच बरी," त्रिशला पटकन बोलली. "ह्यांना एक तर सुईची भीती. वर सगळे म्हणतात, मॅरो दिला की माणूस कायमचा कमजोर होतो."

"तसं काही होत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण जबरदस्ती कुणावर नाही. देणाऱ्यानं स्वतःहून द्यायचं."

सुकुमारनं मान खाली घातली. अण्णा सबंध वेळ काही बोलला नाही. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते फरशीला लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेकरीतून पाव आणते असं सांगून मी भाड्याच्या खोलीतून बाहेर पडले. हॉस्पिटल मागच्याच गल्लीत होतं. डॉक्टर राउंडवर होत्या. बाकड्यावर अडीच तास बसले. समोर एक बाई तिच्या नवऱ्याच्या हाताला मलम लावत होती. त्याच्या तळहाताची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली होती आणि तो "हळू, हळू" म्हणत होता. मी तिला विचारलं, काय झालंय. ती म्हणाली, ह्यांच्या बहिणीचा मॅरो घेतला होता. बहीण चार लेकरांची आई. दुसरं कुणी जुळलंच नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी दार लावून घेतलं.

"मॅडम, काल मी खोटं बोलले."

डॉक्टर पेठेंनी फोन उचलून पुढचा पेशंट थांबवायला सांगितलं.

"किती महिने होते?"

"पूर्ण. बाळंत झाले. वीस वर्षांची होते."

"बाळ?"

"दुसऱ्यांना दिलं."

"तुम्हाला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला माहीत आहे?"

"एका माणसाला."

"ठीक आहे. ते कोण, हे मला कळायची गरज नाही. आणि आत्ता जे बोललात ते ह्या खोलीबाहेर जाणार नाही. कुणी विचारलं, तर दात्याची माहिती गुप्त असते, एवढंच सांगेन."

"मग आता सुकुमारचं घ्याल ना तुम्ही?"

"त्यांची तयारी नाही, हे काल तुम्हीही बघितलं. मी त्यांना पुन्हा विचारेन. पण त्यांना वाटतंय, बहीण आहे, काम होतंय, मग आपण कशाला? ते नाही म्हणाले, तर मी तुमचंच घेईन. औषध जरा कडक देऊ. बऱ्याच जणांचं निभावतं."

"आणि मीच नाही म्हटलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तर मग त्यांच्याशिवाय दुसरं कुणी उरत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला घरात त्याचं कारण विचारतील."

पाव घेऊन मी खोलीवर परतले तेव्हा साडेअकरा झाले होते. वहिनी स्टोव्हवर अण्णासाठी भात मऊ करत होती. सुकुमार आणि त्रिशला दुपारच्या गाडीनं परत जायचे म्हणून पिशवी भरत होते. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच बोलले. बसले असते, तर तोंडातून शब्द निघाला नसता.

"मी मॅरो देणार नाही."

वहिनीनं वळून पाहिलं. "काय बोलायलीसा, वन्सं?"

"मला भीती वाटते. मला जमणार नाही. मॅडमना सांगून आले."

"अहो, पण कालपर्यंत तर..."

"काल मी नीट विचार केला नव्हता."

आधी कुणाचा विश्वासच बसेना. सुकुमारनं मला समजावलं. भूल देत नाहीत, पाच दिवस इंजेक्शनं असतात, मग चार तास यंत्राला जोडून बसायचं. कालच्या कालच पाठ केलेलं सगळं त्यानं मला सांगितलं. मी मान हलवत राहिले. मग त्रिशलाचा तोल गेला. "आक्का, तुमच्यामागं कोण हाय सांगा की! कुणासाठी जीव जपायलासा? ह्यांना दोन पोरं हाईत!" वहिनी तिला गप्प बसवेल असं मला वाटलं होतं. वहिनी स्टोव्ह तसाच सोडून आली आणि माझ्या पायावर पडली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बाई. भात करपल्याचा वास यायला लागला, तरी ती उठेना. मी तिचे हात सोडवत होते आणि ती परत धरत होती. शेवटी उठली आणि माझ्या तोंडासमोर म्हणाली, "तुझ्या भावानं तुला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. आई गेल्यावर ह्या घरात तुला ताटावरनं कुणी उठवलं न्हाई. असली निपजशील, वाटलं नव्हतं."

तेव्हा कॉटवरून अण्णाचा आवाज आला.

"सुकुमार, तू दे."

एवढंच. मग तो भिंतीकडं तोंड करून झोपला. सुकुमार दारात उभा राहून बराच वेळ बाहेर बघत होता. नाही म्हणायला आता त्याला जागा उरली नव्हती. तो म्हणाला, "देतो." त्रिशला रडायला लागली. दुपारच्या गाडीनं मी एकटीच इचलकरंजीला परत आले.

पुढचं मला फोनवरून, तेही आयटीआयच्या फोनवर सुकुमारच्या शेडमधल्या कारकुनाकडून कळत गेलं. सुकुमारला इंजेक्शनांनी पाठ दुखली, बाकी काही झालं नाही. पेशी चढवल्या. सोळाव्या दिवशी रक्तात नव्या पेशी दिसल्या. घरी कुणी मला बोलावलं नाही. गल्लीत बातमी पसरली होती. मी नळावर गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला तोंडावर विचारलं, "बाई, खरं हाय काय?" मी हो म्हटलं.

एकोणतिसाव्या दिवशी सुकुमारचा फोन आला. वहिनीला कंबरेवर नागीण उठली होती. डॉक्टरांनी तिला पेशंटच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्रिशलाची दोन्ही पोरं सर्दी-तापानं आजारी. "दुसरं कुणी न्हाई, आक्का," तो म्हणाला. आवाजात अढी होती, पण गरज त्याहून मोठी होती. मी रजा टाकली आणि संध्याकाळी पुण्याला, डिस्चार्जनंतर अण्णाला ठेवलं होतं त्या भाड्याच्या खोलीवर पोचले. वहिनीनं बाहेरच्या बाहेर माझ्या हातात औषधांची वही दिली आणि तोंडातून शब्द न काढता रिक्षात बसली.

त्या दिवसांचं काय सांगू? सकाळी आठ आणि रात्री आठ, ह्या दोन वेळांना अण्णाच्या त्या उग्र वासाच्या कॅप्सूल. पाच मिनिटं इकडंतिकडं नाही. सुकुमारच्या पेशींनी अण्णाच्या अंगावर उलटू नये म्हणून ते औषध. कमी पडलं तर पेशी खवळणार, जास्त झालं तर किडनी जाणार, म्हणून एक दिवसाआड सकाळची कॅप्सूल द्यायच्या आधी रक्त द्यायला न्यायचं. पाणी उकळून, भाजी शिजवून, टॉवेल उन्हात कडक वाळवून. अण्णाचे हात त्या औषधानं थरथरायचे. मागाचं तुटलेलं सूत डोळे मिटून सांधणारा माणूस, त्याला पेलाही धरता येत नव्हता. आणि रोज अंघोळीनंतर त्याचे तळहात, तळपाय, कानामागची कातडी बघायची. लाली आली, खाज आली, पुरळ दिसलं की लगेच हॉस्पिटल गाठायचं. मी चार-चार तास झोपत होते. तो माझ्याशी बोलत नव्हता. औषध मात्र माझ्या हातून निमूट घेत होता.

पाचव्या दिवशी, दुपारचे चार वाजले असतील. खिडकीशी उजेडात त्याला खुर्चीवर बसवून मी खाली बसून त्याचे पाय पुसत होते.

"सुला."

"हं."

"मॅडमना सांगितलंस न्हवं तू?"

मी बोटांच्या मधली जागा कोरडी करत राहिले.

"त्या दिवशी मी गप बसलो," तो म्हणाला. "तुला वाटलं असंल, इसरला."

घरातला तो एक माणूस अण्णाच होता.

मी वीस वर्षांची, सांगलीला शिवणाचा कोर्स करत होते. ज्याच्यामुळं झालं तो मुंबईला गेला तो गेलाच. तेव्हा अण्णा चोवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. धारवाडला सहा महिन्यांचा कोर्स आहे असं आईवडलांना सांगून त्यानंच मला बेळगावच्या पलीकडं एका आश्रमात ठेवलं. शेवटी न्यायला आला तेव्हा एसटीत बसल्यावर म्हणाला होता, "झालं ते झालं. घरात शब्द काढायचा न्हाई." एकवीस वर्षं आम्ही दोघांनीही काढला नव्हता.

"तुला कळत होतं ना," मी म्हटलं, "माझं घेतलं तर काय होईल ते? मॅडमनी तुझ्यासमोर सांगितलं. मग का बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? शैलजासमोर? त्रिशलासमोर?" त्याला धाप लागली. थांबून म्हणाला, "तुझं एकदा मी ठरीवलं, सुला. तुला न इचारता. आता माझ्या जीवासाठी परत तुला उघडं पाडू? म्हटलं, हुईल ते हुईल."

मी वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता, भुवयाही गळून गेल्या होत्या. वडलांच्या शेवटच्या दिवसांत ते असेच दिसत होते.

"सही मी केली," तो म्हणाला. "बाळ ठेवायचं काय, तुला इचारावं, असं मनातसुद्धा आलं न्हाई माझ्या. कागद हुईपर्यंत आश्रमातल्या बाईनं माझ्या हातात दिलं हुतं. अर्धा तास धरून बसलो. पोरगा हुता."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. सकाळी जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं, आणि नर्स म्हणाली होती, न बघितलेलंच बरं असतं.

"मला दाखवायचं होतंस," मी म्हटलं.

"मीच म्हटलं हुतं, दाखवू नका म्हणून."

मी भांडायला हवं होतं. इतक्या वर्षांचं सगळं तिथं ओतायला हवं होतं. पण मी इतकी थकले होते, की टॉवेल हातात धरून नुसती बसून राहिले. तोही थकलेला. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेला. थोड्या वेळानं मी उठून त्याच्यासाठी पाणी उकळायला ठेवलं. आठ वाजता त्याला कॅप्सूल दिली, आणि पेला दोन्ही हातांनी धरून त्यानं ती घेतली.

अडतिसाव्या दिवशी त्याच्या तळहातांवर लाली दिसली. सकाळी नव्हती, दुपारी होती. मी त्याला तसंच चादर गुंडाळून हॉस्पिटलात नेलं. सहा दिवस आत ठेवलं, स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं. मी दाराबाहेर उभी राहायची आणि नर्स बाहेर आली की तिच्या तोंडाकडं बघायची. लाली कोपरापर्यंत चढली, दोन दिवस जागच्या जागी थांबली, आणि मग हळूहळू उतरली. पोटात गेली नाही, लिव्हरला लागली नाही.

"सुकुमारचं होतं म्हणून एवढ्यावर भागलं का?" मी डॉक्टर पेठेंना कॉरिडॉरमध्ये विचारलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "तुमचं असतं तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं." माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "खोटा दिलासा देत नाही मी. पण माझ्या भावासाठी मला निवडायचं असतं, तर मीही हेच निवडलं असतं."

अण्णा जगला. आज साठीचा आहे. डोळे कोरडे पडतात, दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात, आणि ऊन सोसत नाही. शेडवर रोज जातो.

वर्ष पुरं झालं तेव्हा वहिनीनं घरी जेवण केलं. सगळा भावकीचा गोतावळा. सुकुमारला मधोमध पाटावर बसवलं, नवा शर्ट, टोपी. वहिनीनं त्याला ओवाळलं आणि तिचे डोळे भरून आले. मी मागच्या बाजूला, पाट्यावरवंट्यापाशी बसले होते. जेवायला ये असा निरोप अण्णानं पाठवला होता म्हणून आले होते. वहिनी ताट घेऊन आत वळली, तसा अण्णा म्हणाला,

"सुलालापण ओवाळ."

वहिनी जागीच थांबली. "त्यांना कशापायी?"

"मी सांगायलोय म्हणून."

वहिनी माझ्यासमोर आली. मी नको नको म्हणत होते. तिनं कुंकू लावलं, ताट तीनदा फिरवलं, पण बघत होती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं. त्रिशला उठून बाहेर गेली. मला वाटलं, आता कुणाची तरी नजर चुकवून निघावं, घरी जाऊन दार लावून झोपावं.

पण पंगत बसली आणि वाढायला माणसं कमी पडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी एकटीच पुऱ्या तळत होती. मी लाटायला बसले. तीन-चार घाणे निघाले. मग झारा कढईत तसाच धरून ती म्हणाली,

"तुम्हाला जेवायला बोलवा म्हणाले, तवा मी त्यांना रात्रभर इचारलं. काय सांगत न्हाईत. म्हणतात, सुलाला इचार, तिला वाटलं तर ती सांगंल." ती माझ्याकडं वळली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "भिऊन न्हाई म्हटलं न्हवतंसा तुम्ही. नागीण उठली तवा दीड महिना त्यांचं सगळं केलंसा, सांगितलंय मला नर्सबाईनं. भित्री बाई असं करत न्हाई. मग का न्हाई म्हटलंसा, वन्सं?"

पोळपाटावरची पुरी मी गोल होईपर्यंत लाटली. पीठ झटकलं.

"वहिनी, मला एक मुलगा आहे," मी म्हटलं. "आता बावीस वर्षांचा झाला असेल."

कढईतली पुरी लाल होऊन काळी पडायला लागली. बाहेरून सुकुमारचा आवाज येत होता, चार तास यंत्राला कसं जोडून ठेवलं होतं ते तो कुणाला तरी रंगवून सांगत होता. वहिनीनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, स्वयंपाकघराचं दार लोटून कडी घातली आणि माझ्यासमोर पाट ओढून खाली बसली.

"सांगा," ती म्हणाली.